फुकट साबणाचं बिल

“गुप्तेबाई, आमचं सॉफ्टवेअर तुम्ही घेऊ नका.”

मला हे सांगणारा माणूस तेच सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा होता. आम्ही कर्जत स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. दोघंही खोपोलीच्या शटलमधून उतरलो होतो. मला भिसेगावात घरी जायचं होतं, त्यांना मुंबईची गाडी पकडायची होती. त्यांचं आडनाव सबनीस. पन्नाशीचे, सफारी घातलेले, हातात फ्लॉप्यांची पेटी. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे घेऊ नका. तुम्हाला ते चालणार नाही.”

ते असं का म्हणाले हे समजायला आमच्या कारखान्याची त्या वेळची अडचण सांगायला हवी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची कंपनी अंगाचा साबण, धुण्याची वडी आणि डोक्याचं तेल बनवायची. कारखाना खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या अलीकडे. हेड ऑफिस मुंबईत. मी कारखान्यात स्टॉक अकाउंट्स बघत होते. किती माल तयार झाला, किती गोडाऊनमध्ये आहे, किती ट्रकमध्ये भरून गेला, याचा मेळ घालणं हे माझं काम.

साबणाच्या धंद्यात हा मेळ सहजासहजी बसत नाही. कारण ‘स्कीम’. दुकानदाराने वडीची एक पेटी घेतली की दोन साबण फुकट, ही स्कीम. नागपूरला एक स्कीम, कोल्हापूरला दुसरी. समोरच्या कंपनीने काही फुकट द्यायला सुरुवात केली की हेड ऑफिसमधून फोन यायचा आणि आमची स्कीम त्याच दिवशी बदलायची. आता हे फुकटचे साबण गोडाऊनमधून बाहेर जातात, पण बिलावर ते विकलेले नसतात. म्हणजे कागदावर माल शिल्लक आणि जागेवर रिकामी फळी. आम्ही महिनाअखेरीला अंदाजाने तो वजा करायचो.

आदल्या दिवाळीत या अंदाजाने आमचा घात केला. कागदावर अंगाचा साबण भरपूर दिसत होता. हेड ऑफिसने त्या भरवशावर ऑर्डरी घेतल्या. नागपूरचे ट्रक गेटवर येऊन उभे राहिले आणि गोडाऊनमध्ये माल नव्हता. ड्रायव्हर गेटबाहेर स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करत बसले होते. ऐन सणात व्यापाऱ्यांनी दुसऱ्यांचा साबण भरला.

त्यानंतर आमचे छोटे शेठ कारखान्यात आले. कंपनी त्यांच्या वडिलांनी काढली होती. हे परदेशात शिकून आलेले. ओरडणारे नव्हते. शांतपणे म्हणाले, “पुढच्या दिवाळीपर्यंत हे कॉम्प्युटरवर आलं नाही, तर डिस्पॅच आपण भिवंडीच्या गोडाऊनला नेऊ. इथे फक्त माल बनेल.”

डिस्पॅच म्हणजे माल भरून रवाना करणारं खातं. त्यात कडाव, चौक, खोपोली अशा आसपासच्या गावांतली माणसं होती. घरचं भात सांभाळून नोकरी करणारी. त्यातलं कोणीही भिवंडीला जाणार नव्हतं. त्यांचा सुपरवायझर गणपत भोईर दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलापाशी आला.

“बाई, त्या मशीनचं तुमीच बघताय ना?”

“हो.”

“मशीन नाय आलं तर भिवंडी. आणि आलं तर आमाला काय काम? दोनी बाजूनी आमीच जातोय, असंच ना?”

मी म्हटलं, “मशीन पेट्या उचलणार नाही, भोईर. हिशोब ठेवेल.”

“बघा बाई. आमी तुमच्यावर सोडलंय.”

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात भीतीच वाटली. कारण कॉम्प्युटर मी तोपर्यंत एका प्रदर्शनात लांबून पाहिला होता, एवढंच.

आमचे वर्क्स मॅनेजर परांजपे साहेब. त्यांनी मला बोलावून सांगितलं, “व्हेंडर तुम्ही निवडायचा. व्हेंडर म्हणजे विकणारा. यंत्र कोणाकडूनही घेता येईल. खरा प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे. यंत्राने काय काम करायचं, कसं करायचं, त्या सूचना. त्या आपल्या धंद्याला जमणाऱ्या हव्यात.”

“साहेब, मला यातलं काही येत नाही.”

“साबणाचं येतं ना? त्यांना साबणाचं येत नाही. तुम्ही विचारा, ते शिकवतील.”

त्यांच्या या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक आठवडे काढले.

तीन कोटेशनं आली. तिसरा व्हेंडर ‘खोपोली म्हणजे पुण्याच्या पुढे का?’ असं फोनवर विचारून गायब झाला. उरले दोन. एक मुंबईची मोठी कंपनी. दुसरे पुण्याचे दोन तरुण इंजिनिअर, आपटे आणि शेख. त्यांचं ऑफिस म्हणजे आपट्यांच्या घराची पुढची खोली.

मुंबईच्या कंपनीने डेमो दिला. डेमो म्हणजे प्रत्यक्ष चालवून दाखवणं. त्यांचे सेल्स मॅनेजर आले, सोबत सबनीस. सेल्स मॅनेजरांचं नाव मी लिहीत नाही. बोलणं फार छान. त्यांनी एक बटण दाबलं आणि प्रिंटरमधून बिल करकरत बाहेर आलं. छोटे शेठ खूष झाले. मीही झाले. मग मी विचारलं, “फुकटचा माल यात कसा दाखवायचा?”

“होईल मॅडम.”

“आणि खराब होऊन परत आलेला? पावसाळ्यात आमच्या पेट्यांना घाम येतो, साबण मऊ पडतो. व्यापारी परत पाठवतात.”

“तेही होईल. सगळं होईल.”

सबनीस मान खाली घालून वायर गुंडाळत होते. निघताना त्यांनी माझ्याकडे गोडाऊन बघायची परवानगी मागितली. नंतर एकदा ते एकटेच आले आणि दिवसभर डिस्पॅचमध्ये बसले. भोईरांना प्रश्न विचारत, ट्रक भरताना बघत. संध्याकाळी आम्ही एकाच शटलने कर्जतला आलो, आणि त्या बाकावर त्यांनी मला ते वाक्य ऐकवलं.

“आमचं पॅकेज मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यासाठी लिहिलंय,” ते म्हणाले. “बेअरिंग कोणी फुकट देत नाही. त्यामुळे फुकट माल ही गोष्टच त्यात नाही. ती घालायची म्हणजे अर्धं पॅकेज उसवावं लागेल. वर्ष जाईल. आणि ते वर्षभर तुमच्या चालू धंद्यावर आम्ही प्रयोग करत बसू.”

“तुमचे साहेब तर म्हणाले, होईल.”

“ते ऑर्डर घेऊन जातील. इथे मला यायचंय. भोईरांनी आज मला त्यांच्या डब्यातली भाकरी दिली. त्यांच्यासमोर बसून रोज ‘उद्या होईल’ म्हणायचं मला नाही जमणार.”

मग त्यांनीच पुण्याच्या दोघांचं नाव काढलं. त्यांनी एका बिस्किट कंपनीचं काम केलं होतं, तिथेही स्कीमची हीच भानगड होती. “पोरं चांगली आहेत,” सबनीस म्हणाले. “पण लहान आहेत. उद्या दुकान बंद करतील. म्हणून तीन अटी करारात लिहून घ्या.”

त्या त्यांनी मला समजावून सांगितल्या. पहिली, सोर्स कोड आपल्याकडे ठेवायचा. सोर्स कोड म्हणजे मूळ प्रोग्रॅम. हॉटेलवाला भाजी देतो, कृती देत नाही. आपण कृतीही मागून घ्यायची. दुसरी, आपली दोन माणसं त्यांनी पूर्ण तयार करून द्यायची. तिसरी, पॅरलल रन. म्हणजे जुनी हाताने लिहायची पद्धत आणि नवी कॉम्प्युटरची, दोन्ही बरोबर चालवायच्या आणि आकडे जुळल्याशिवाय जुनी सोडायची नाही.

“हे मी सांगितलं असं कोणाला बोलू नका,” ते म्हणाले. “माझ्या मुलीचं शिक्षण चालू आहे.”

गाडी आली. ते गेले. मी घरी जाईपर्यंत रस्ताभर विचार करत होते. या माणसाचा शब्द खरा मानावा तर तो कोणाला सांगायचा नाही, आणि सांगितला नाही तर छोट्या शेठना कसं पटवायचं?

मी परांजपे साहेबांना इतकंच सांगितलं, की मला मुंबईच्या पॅकेजबद्दल शंका आहे आणि ती का, हे बोलता येत नाही. त्यांनी हातातली फाईल मिटली.

“मग बोलू नका. शंका खरी आहे हे दिसेल असं काहीतरी करा.”

आम्ही दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवली. दोन्ही व्हेंडरना आदल्या दिवसाचा आमचा खरा डिस्पॅच आणि सुरुवातीची शिल्लक द्यायची. तेच ट्रक, त्याच स्कीमा, तोच परत आलेला माल. त्यांनी आमच्यासमोर तो मशीनमध्ये भरायचा आणि शेवटी शिल्लक माल किती ते सांगायचं. मग गोडाऊनमध्ये जाऊन मोजायचं.

मुंबईचे सेल्स मॅनेजर फोनवर नाराज झाले. “मॅडम, आमच्या पॅकेजवर मोठमोठ्या कंपन्या चालतात. अशी परीक्षा कोणी घेत नाही.” त्यांनी परस्पर छोट्या शेठना फोन लावला. शेठनी मला ट्रंककॉल केला.

“गुप्तेबाई, याची गरज आहे का?”

“सर, आपल्याला चालणार असेल तर ते पास होतीलच. एका सकाळचा प्रश्न आहे.”

मग ते म्हणाले, “ठीक आहे. मी स्वतः येतो.”

कॅन्टीनमध्ये टेबलं सरकवून जागा केली. मुंबईची कंपनी सकाळी आली. मशीन गाडीतून चादरीत गुंडाळून आणलं होतं. स्टेबिलायझर घूं घूं करत होता. खिडकीच्या जाळीला डिस्पॅचची माणसं नाक लावून उभी. भोईर चलनं, म्हणजे ट्रकबरोबर जाणारे मालाचे कागद, वाचून दाखवत होते, सबनीस टाइप करत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनीही मान वर केली नाही.

पहिलं बिल झालं. दुसरं झालं. मग नागपूरच्या ट्रकची पाळी आली.

“वडी, नागपूर,” भोईर म्हणाले. “आणि त्यावर साबण फुकट.”

मशीनने पीं असा आवाज काढला. सबनीसांनी परत टाइप केलं. परत पीं. सेल्स मॅनेजर वाकून त्यांच्या कानात काहीतरी म्हणाले. सबनीस क्षणभर थांबले आणि त्यांनी एक बटण दाबलं. बिल आलं.

छोट्या शेठनी बिल हातात घेतलं. चष्मा वर केला. “हा एक पैसा कसला?”

“सर, ती नुसती टेक्निकल अ‍ॅडजस्टमेंट आहे,” सेल्स मॅनेजर घाईने म्हणाले.

“मी एक पैशाला साबण विकतो, असं माझ्या बिलावर छापून येणार? एक्साइजचा इन्स्पेक्टर हे बघून काय म्हणेल? कर चुकवतोय, असंच ना?” त्यांनी सबनीसांकडे बघितलं. “तुम्ही टाइप केलंत. तुम्ही सांगा.”

इथे सबनीस काहीही बोलून वेळ मारून नेऊ शकले असते. त्यांचे साहेब शेजारीच उभे होते.

“सर,” सबनीस म्हणाले, “आमच्या पॅकेजला फुकट माल कळत नाही. शून्य भाव ते घेत नाही. म्हणून एक पैसा टाकला.”

“कळेल असं करायला किती वेळ?”

“वर्षभर तरी. या दिवाळीच्या आत नाही.”

सेल्स मॅनेजरांचा चेहरा लाल झाला. पुढे फारसं काही झालं नाही. त्यांनी बॅग उचलली आणि ते गाडीत जाऊन बसले. सबनीस एकटेच वायर काढत राहिले. खिडकीपाशी उभे असलेले दोघं आत येऊन मशीन उचलायला लागले. भोईरांनी कपबशी पुढे केली. “साहेब, च्या घ्या. घाई नाय.” सबनीसांनी उभ्याउभ्या चहा प्यायला आणि निघून गेले. मला त्यांचे आभारही मानता आले नाहीत. शेठसमोर काय बोलणार?

दुपारी पुण्याचे दोघं आले, तेही उशिरा. घाटात ट्रक बंद पडून रस्ता अडला होता. त्यांच्या स्क्रीनवर हिरवी, बारीक अक्षरं. प्रिंटरमध्ये कागद अडकून फाटला. आपटे घामाघूम. पण नागपूरची स्कीम आली तेव्हा फुकटचा माल वेगळ्या रकान्यात गेला, भाव शून्य, आणि शिलकीतून वजा झाला. शेवटी आलेला आकडा घेऊन आम्ही सगळे गोडाऊनमध्ये गेलो. मोजदाद झाली. एक पेटी कमी भरली.

छोट्या शेठनी भुवया उंचावल्या. भोईर म्हणाले, “ती डॅमेज हाय. घाम आला म्हणून मीच बाजूला काढून ठेवलीय.”

शेखने लगेच विचारलं, “भोईरदादा, अशा पेट्या रोज निघतात का? मग त्यांना वेगळी जागा द्यायला हवी मशीनमध्ये.” जवळ कागद नव्हता म्हणून त्याने पेनने तळहातावर लिहून ठेवलं. मला त्याच क्षणी वाटलं, हीच माणसं घ्यायची.

छोट्या शेठना मात्र धाकधूक होती. आपटे, शेख बाहेर गेल्यावर ते म्हणाले, “दोन मुलं आहेत. एकाचं लग्न झालं, दुसरा अमेरिकेला गेला, की आपण रस्त्यावर.”

मी तीनही अटी सांगितल्या. सोर्स कोड, दोन माणसं, पॅरलल रन.

“हे तुम्ही कुठे शिकलात?”

“एका जाणकार माणसाने सांगितलं, सर.”

“कोणी?”

“ते मला सांगता येणार नाही.”

परांजपे साहेब मध्ये पडले. “सर, सल्ला बरोबर आहे की नाही एवढंच बघू. या निवडीची जबाबदारी माझी. कागदावर माझी सही घ्या.”

परांजपे साहेबांच्या रिटायरमेंटला फार दिवस उरले नव्हते. गप्प राहून ते सुखाने घरी जाऊ शकले असते. शेठनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि होकार दिला. दारापर्यंत गेल्यावर वळून मला विचारलं, “सकाळच्या त्या गृहस्थांचं नाव काय?”

“सबनीस.”

“हं,” ते म्हणाले आणि गेले. त्यांना अंदाज आला होता की नाही, हे मला आजवर माहीत नाही.

काम सुरू झालं तेव्हा नेमकी भाताची लावणी आली. डिस्पॅचची निम्मी माणसं रजेवर. शेख वैतागला नाही. ज्यांची लावणी आटोपली त्यांना आधी शिकवलं, बाकीच्यांना मागून. तयार करायच्या दोन माणसांत एक मी आणि दुसरे, माझ्या आग्रहावरून, भोईर. ते आधी नाहीच म्हणत होते.

“बाई, माझी बोटं पेट्या उचलायची. ती बटणं माझ्या एका बोटाखाली तीन तीन येतात.”

“पेन्सिलीने दाबा.”

आणि खरंच, ते शेवटपर्यंत पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टाइप करत. सावकाश, पण एकदा बसले की उठत नसत.

पॅरलल रनमध्ये सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. तेच काम दोनदा. मीसुद्धा एकदा म्हणाले, जुनं बंद करून टाकू या. भोईर म्हणाले, “आकडं जुळल्याबिगर नाय. तुमीच सांगितलंवतं ना?” मी पुढचं चलन ओढलं. श्रावण संपताना आकडे जुळले.

दिवाळी आली. अगदी सुरळीत पार पडली असं नाही. एकदा कोल्हापूरच्या ट्रकला नाशिकची स्कीम लागली आणि तो घाट चढायच्या आत गाठावा लागला. पण गेटवर एकही ड्रायव्हर स्वयंपाक करत बसला नाही. भाऊबीज झाल्यावर छोट्या शेठचा फोन आला. भिवंडीचा विषय बंद. फोन ठेवून मी डिस्पॅचमध्ये जाऊन सांगितलं. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. भोईर नुसते खाली बसले आणि टोपी काढून तोंड पुसायला लागले. मीही तिथून लवकर निघाले, कारण माझेही डोळे भरून आले होते.

त्यानंतर मी सबनीसांच्या ऑफिसला फोन केला. ते सेल्समधून गेले, असं कळलं. त्यांना दुरुस्तीच्या खात्यात टाकलं होतं. त्यांच्याकडे ती शिक्षा समजली जायची. मी परांजपे साहेबांना अखेर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “चला, जाऊन येऊ.” एका रविवारी आम्ही दोघं डोंबिवलीला सबनीसांच्या घरी गेलो. जाताना काय न्यावं ते सुचेना. शेवटी आमच्याच साबणाची पेटी नेली.

त्यांच्या पत्नीने पोहे केले. मुलगी कॉलेजची पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत बसली होती. परांजपे साहेबांनी आभार मानायला सुरुवात केली, तेव्हा सबनीस संकोचले.

“अहो, दुरुस्तीत बरं आहे,” ते म्हणाले. “तिथे बिघाड आहे की नाही एवढंच बोलायचं असतं.”

मी म्हटलं, “आमच्यामुळे तुमचं नुकसान झालं.”

“तुमच्यामुळे कसं? मला विचारलं, मी सांगितलं.” मग हसून म्हणाले, “भोईर काय म्हणतात?”

मी त्यांना पेन्सिलीची गोष्ट सांगितली. ते इतके मोकळे हसले, की आतून मुलगी बघायला आली.

पुढे शेठना वाटलं होतं तसंच झालं. काही वर्षांनी शेख परदेशी गेला, आपट्यांनी नोकरी धरली, कंपनी बंद. जाताना दोघांनी एक दिवस येऊन सगळं समजावून दिलं, हा त्यांचा चांगुलपणा. सोर्स कोड आमच्या कपाटात होता. दुसऱ्या माणसाकडून त्यात बदल करून घेता आले. त्या सॉफ्टवेअरवर आमचा कारखाना आणखी बरीच वर्षं चालला. डिस्पॅचची माणसं तिथूनच रिटायर झाली, भोईरही.

मला पुढे बढती मिळाली, आणि खरेदीचं बरंच काम माझ्याकडे आलं. वजनकाटे, पॅकिंगची यंत्रं, नवे कॉम्प्युटर. आलेल्या प्रत्येक विक्रेत्याला मी आधी बोलू द्यायची आणि मग विचारायची, “तुमच्या मालाला काय जमत नाही?” बहुतेक जण म्हणायचे, सगळं जमतं. त्यांना चहा देऊन मी निरोप द्यायची. अधूनमधून एखादा जरा विचार करायचा, खुर्ची पुढे ओढायचा आणि सांगायला लागायचा. त्याचं कोटेशन मी नीट वाचायची.